राहूची चार वाकलेली शटरं

चौथं शटर वाकलं तेव्हा सोपान पेंटर तिथे नव्हता. तो केडगावला प्रायमर आणायला गेला होता. गॅसची बंदूक माझ्या हातात होती.

ही तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि मी ती एका जागी पहिल्यांदाच लिहितो आहे. गेली नऊ वर्षं मी हा प्रसंग वेगळा सांगत आलो. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितला, नातेवाइकांत सांगितला, निवृत्तीच्या समारंभात तर माइकवरून सांगितला. लोक हसले. ज्यांनी तो तेव्हा ऐकला त्यांनी आता हा वाचावा.

मी रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत पेंट शॉपला होतो. पेंट शॉप म्हणजे रंगाचं दुकान नव्हे. गाड्यांचे प्लास्टिकचे बंपर जिथे रंगवतात तो विभाग. हेल्पर म्हणून लागलो आणि इनचार्ज म्हणून बाहेर पडलो. राहायला शिरूरला. नात्यागोत्यात, गावात, कुणाचं काहीही प्लास्टिकचं रंगवायचं निघालं की लोक मला विचारायचे. पाण्याची टाकी, खुर्च्या, एकदा तर देवीच्या मखराचे खांब. मी सांगायचो आणि ते ऐकायचे. माणूस यातून बिघडतो.

राहू गावचे विलासराव हे मोठे बागायतदार. ऊस, गुलाब, दोन विहिरी, सोसायटीत वजन. त्यांनी गावात बंगला बांधला तेव्हा पुण्याचा आर्किटेक्ट आणला होता. त्याने दर्शनी सहा खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची शटरं लावून दिली. शटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुकानाचं वर सरकणारं शटर येतं. ही तशी नव्हेत. परदेशी घरांच्या चित्रात खिडकीच्या अलीकडे-पलीकडे आडव्या पट्ट्यांच्या झडपा दिसतात ना, त्या. फरक एवढाच की त्या चित्रातल्या झडपा बंद होतात आणि या चार-चार स्क्रूंनी भिंतीला पक्क्या बसवलेल्या. नुसती शोभा. गावातल्या प्रत्येकाने येऊन एकदा ओढून पाहिल्या होत्या. बंद होत नाहीत म्हटल्यावर मग कशाला लावल्या, हा प्रश्नही प्रत्येकाने विचारला होता. विलासरावांचे वडील, आबा, ओट्यावरच्या खाटेवर बसलेले असायचे. ते सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. म्हणायचे, "घराला कान नकोत व्हय?"

शटरं बसवली तेव्हा गर्द हिरवी होती. पाचसहा उन्हाळ्यांत ती वाळलेल्या मेथीसारखी झाली. त्यावर जवळच्या गुऱ्हाळाच्या धुराची चिकट पुटं. एरवी विलासरावांनी दुर्लक्ष केलं असतं. पण त्यांच्या अमोलचं लग्न जमत नव्हतं. वय एकतीस. शेती भरपूर, शिक्षण बरं, व्यसन नाही. तरीही मुलीकडचे यायचे, चहा घ्यायचे आणि कळवतो म्हणायचे. सगळ्यांना जावई नोकरदार हवा होता.

माझ्या साडूची मुलगी स्वाती, इनामगावची. बीएस्सी झालेली. तिला शेतीचं वावडं नव्हतं. मी दोन्ही घरं ओळखत होतो, म्हणून मध्यस्थ मी. फोटो मी दिला, पत्रिका मी नेली. साडू म्हणाले, आधी घर बघू, मग मुलगी दाखवू. आमच्याकडे आता असंच आहे. पूर्वी मुलगी बघायला जायचे, आता घर बघायला येतात. पुढच्या रविवारी येतो म्हणून कळवलं.

विलासरावांचा मला सोमवारी फोन. भिंतींना रंग मारून झालाय, सोपान पेंटर ठेवलाय, पण त्या झडपा भिंतींपुढे आणखीच मळकट दिसायला लागल्यात. प्लास्टिकला कोणता रंग लावायचा? फोनवर सांगून भागलं असतं. मी म्हटलं, येतोच. गुरुवारी रजा टाकली, कंपनीच्या मेंटेनन्सकडून गॅसची बंदूक मागून घेतली आणि न्हावऱ्यावरून राहूला गेलो.

बंदूक कशाला, ते सांगतो. बंपर ज्या प्लास्टिकचा असतो त्याला पीपी म्हणतात. त्यावर रंग धरत नाही. मेणावर मारल्यासारखा सुटून येतो. म्हणून रंगाआधी बंपरवरून गॅसची ज्योत फिरवतात. निमिषभर. त्याने प्लास्टिक वितळत नाही, फक्त वरचा पापुद्रा बदलतो आणि मग रंग धरतो. याला फ्लेमिंग म्हणतात. ते झालं की नाही हे बघायची सोपी रीत आहे. पाणी शिंपडायचं. पाणी पसरलं तर रंग धरेल, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर धरणार नाही.

आमच्याकडे हे फ्लेमिंग रोबोट करायचा. अंतर ठरलेलं, वेग ठरलेला. माझं काम शिफ्टच्या शेवटी शीटवर सही करायचं. मी आयुष्यात ज्योत हातात धरली नव्हती. पण हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सोपानने बारा शटरं उतरवून अंगणात ओळीने ठेवली होती. हा चाळिशीचा माणूस, गावातलाच. मितभाषी. त्याने साबण पावडरीची बादली भरून ठेवली होती, घासायला काथ्या. मी म्हटलं, थांब, आधी टेस्ट करू. मी एका शटरवर पाणी शिंपडलं. थेंब गोळा झाले. मी त्याला, विलासरावांना आणि खाटेवरच्या आबांना त्या थेंबांकडे बोट दाखवून पाच मिनिटं समजावून सांगितलं. याला फ्लेमिंगशिवाय गत्यंतर नाही.

सोपानने शटर उचललं, नखाने टकटक केलं, वाकवून बघितलं. मग म्हणाला, "साहेब, ह्ये पायपाचं प्लास्टिक वाटतंय. पाचटावर धरल्यासारखं व्हईल."

ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी: पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. आमच्या भागात शेतात पीव्हीसीचा पाईप जोडायचा असला आणि सॉकेट जवळ नसलं, तर लोक मूठभर पाचट पेटवतात, पाईपचं तोंड त्या जाळावर फिरवतात आणि ते मऊ पडलं की दुसरा पाईप त्यात घुसवतात. दहा वर्षांच्या मुलालाही हे येतं. म्हणजे त्या अंगणात जितकी माणसं होती, त्या सगळ्यांना हे प्लास्टिक जाळावर काय करतं ते ठाऊक होतं. एक सोडून.

मी म्हणालो, "सोपान, मी लाखांनी बंपर रंगवलेत."

तो म्हणाला, "व्हय साहेब." त्या "व्हय"मध्ये काय होतं ते मला आज कळतं.

विलासराव उसाच्या तोडीकडे निघून गेले. सोपानकडे साधा लाकडाचा प्रायमर होता, तो चालणार नव्हता. मी प्लास्टिकच्या प्रायमरचं नाव कागदावर लिहून दिलं आणि त्याला केडगावला पिटाळलं. जाऊन-येऊन तासाभराचं काम. मी बंदूक पेटवली.

पहिलं शटर नीट झालं. ज्योत झरझर फिरवली, पाणी शिंपडलं, पाणी बऱ्यापैकी पसरलं. मला फार बरं वाटलं. आबांकडे बघून मी मान हलवली. आबांनी हलवली नाही.

दुसऱ्याच्या वेळी साडूंचा फोन आला. किती माणसं आणू, जेवण की नुसता चहा-पोहे. मी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने बंदूक. आठजण आणा, असं म्हणेपर्यंत मधल्या पट्ट्या खाली बसल्या होत्या. भाजलेल्या पापडासारख्या. मी फोन ठेवला, शटर फरशीवर टाकलं, वर उभा राहिलो. एका बाजूने सपाट झालं आणि दुसऱ्या बाजूने वर आलं.

इथे थांबलो असतो तर नुकसान एकाचं होतं. पण मी कारण शोधलं आणि मला ते लगेच सापडलं. फोन. पद्धत बरोबर होती, लक्ष विचलित झालं होतं. म्हणून फोन बंद केला आणि तिसरं घेतलं. तिसरं हातात असेपर्यंत सरळ होतं. मी ते दोन विटांवर ठेवलं आणि चौथ्या-पाचव्याला हात घातला. मार्चचं ऊन. वळून बघतो तर विटांवरचं शटर मधोमध झोळीसारखं लोंबत होतं. पाठोपाठ बाकीची दोन्ही. पाचांना मी ज्योत दाखवली, त्यांतली चार वाकली.

मी बंदूक बंद केली. अंगणात फक्त मी आणि खाटेवर आबा. आबा म्हणाले, "पाणी पाजा त्याला." म्हणजे पाणी ओता. मी ओतलं. जशी होती तशी ती थंड झाली.

एवढ्यात दोन मोटारसायकली मागेपुढे फाटकातून आत आल्या. पुढच्यावर विलासराव, मागच्यावर सोपान. सोपानच्या हँडलला प्रायमरच्या डब्याची पिशवी. तो उतरला, पिशवी काढून हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

विलासरावांनी शटरं पाहिली. म्हणाले, "ह्ये कुणी केलं?"

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला भरपूर वेळ मिळाला. मी बंदूक खाली ठेवली, रुमालाने हात पुसले आणि म्हणालो, "मी सोपानला सांगितलं होतं, जवळ धरू नको."

वाक्य एवढंच. आता ते वाक्य तपासून बघा. सोपान नुकताच गाडीवरून उतरला होता. विलासराव त्याच्याच पुढे गाडी चालवत आले होते, वाटेत दोघांची गाठ पडली असणारच. बंदूक माझ्या पायाशी होती आणि आबांनी सगळं पाहिलं होतं. इतकं कच्चं खोटं मी कंपनीत एखाद्या ट्रेनीचंही ऐकून घेतलं नसतं.

तरी ते चाललं. विलासराव क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग सोपानकडे वळले आणि त्याच्यावर जे सुटले ते दहा मिनिटं. अक्कल आहे का, साहेब कंपनीतून रजा काढून शिकवायला आले, आणि तू घर पेटवायला निघालास. सोपानने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शटरांकडे पाहत होतो. मग त्याने पिशवी खाली ठेवली, साबणाची बादली ओढली आणि उरलेली आठ शटरं धुवायला बसला.

धुऊन झाल्यावर त्याने एकावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सगळीकडे पसरलं. थेंब गोळा होत होते ते गुऱ्हाळाच्या चिकट धुरामुळे. प्लास्टिकचा काही दोष नव्हता. मी हे पाहिलं. त्याने ते शटर सावलीला लावलं आणि पुढचं घेतलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याने आठही शटरं रंगवून बसवली. चार खिडक्यांना झाली, दोन बोडक्या राहिल्या. तशीच शटरं पुण्यात मिळेनात, तो माल बंद झाला होता. रविवारी साडू आठ माणसं घेऊन आले. घर बघता बघता त्यांनी नेमकं विचारलंच, या दोन खिडक्यांना का नाहीत?  विलासराव शांतपणे म्हणाले, "नैऋत्येला झडप चालत नाही. वास्तूचं हाय." आठच्या आठ माना डोलल्या. पुढे साडूंनी इनामगावला घर वाढवलं तेव्हा त्यांनी गवंड्याला नैऋत्येच्या खिडकीबद्दल खास बजावलं होतं. त्यांच्या घराला शटरं नव्हतीच. तरी बजावलं.

लग्न जमलं. झालंही थाटात. मध्यस्थ म्हणून मला फेटा बांधला, पोशाख केला. मांडवात कुणीतरी त्या झडपांची गोष्ट काढली. तोवर गावाने सोपानला नाव देऊन टाकलं होतं. वितळ्या. वितळ्या पेंटर. मला ती गोष्ट सांगायचा आग्रह झाला आणि मी सांगितली. हशा पिकला. तेव्हापासून ती माझीच गोष्ट झाली. कंपनीत नव्या भरतीच्या ट्रेनिंगला मी तिचा दाखला देऊ लागलो. अनस्किल्ड माणसाच्या हाती बरोबर टूल दिलं तर काय होतं, असा मथळा मी स्लाइडला दिला होता.

सोपानचं पुढे काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. राहूत त्याला घरांची कामं मिळेनाशी झाली. माणूस वाईट म्हणून नव्हे. पण "रंगाला कोण लावलाय?" या प्रश्नाला "वितळ्या" असं उत्तर द्यायला लोकांना नको वाटायचं. हसू व्हायचं. दोन वर्षांनी तो शिरूरला आला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायला लागला. बाजार समितीच्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड. ती माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथून भाजी आणायला जवळ पडतं. मी सात वर्षं लांबून जात होतो आणि बायकोला सांगत होतो की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

यंदा विलासरावांचा पुन्हा फोन आला. आबा मागच्या वर्षी गेले, त्यांचं वर्षश्राद्ध आहे, पाहुणे येतील, झडपा पुन्हा फिकट पडल्यात. कुणी चांगला पेंटर असेल तर सांगा. मी म्हटलं, सांगतो. फोन ठेवला आणि लक्षात आलं की तो रंग नऊ वर्षं टिकला होता. आमच्या बंपरची वॉरंटी तीन वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी मी जवळच्या रस्त्याने गेलो.

सोपान ट्रॉलीच्या फाळक्यावर लाल पट्टा ओढत होता. केस पिकलेले. मला पाहून त्याने ब्रश थिनरमध्ये ठेवला आणि खुर्ची पुढे केली. मी तयारी करून गेलो होतो, चारपाच वाक्यं पाठ होती. पहिलंच वाक्य झालं, की त्या दिवशी मी खोटं बोललो, आणि पुढची आठवेनात.

तो म्हणाला, "ते मला म्हाईत हाय की साहेब. मी तिथंच व्हतो."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही मध्यस्थ. तुम्हाला खोटं पाडलं असतं तर तुम्ही उठून गेला असता. सोयरीक मोडली असती. मंग गाव काय म्हणलं असतं? सोपान पेंटरनं अमोलचं लगीन मोडलं." त्याने हात पुसले. "त्यापरीस वितळ्या परवडलं."

मी आयुष्यभर क्वालिटीच्या मीटिंगा केल्या. चूक कशामुळे झाली त्याचं मूळ कारण शोधायचे तक्ते भरले. एवढं नेमकं विश्लेषण मला कुणी करून दिलं नव्हतं.

मी त्याला राहूच्या कामाबद्दल सांगितलं. त्याने ब्रश उचलून लाल पट्टा पुरा केला. मग म्हणाला, येतो. पण दोन अटी. गॅस आणायचा नाही. आणि जे बोलायचं ते त्याच अंगणात, चारचौघांत, दिवसाउजेडी. इथे शेडमध्ये बोललेलं त्याच्या काही कामाचं नाही.

गेलो. विलासराव, अमोल, शेजारचे तिघेजण पारावरून उठून आलेले, कारण शटरं उतरवली की अजूनही बघायला लोक येतात. स्वाती चहा घेऊन बाहेर आली. मी उभा राहिलो आणि सांगितलं. सोपान केडगावला होता. बंदूक माझ्याकडे होती. चारही मी वाकवली. नाव त्याचं घेतलं.

कुणी दचकलं नाही. मला दचकण्याची अपेक्षा होती, हेही कबूल करतो.

विलासराव बशीत चहा ओतत म्हणाले, "पाव्हणं, आबांनी मला त्याच रात्री सांगितलं व्हतं. आन् मलाबी डोळं हायती. ह्यो माझ्या मागनं गाडी चालवत आला."

मी चिडलो. चिडायचा अधिकार नसतानाही चिडलो. म्हटलं, मग त्याला शिव्या का दिल्या?

"मग काय तुम्हाला देऊ? तुमच्या हातात पोरगी व्हती."

ती पोरगी, म्हणजे स्वाती, हातात रिकामा ट्रे घेऊन उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. ती म्हणाली, "म्हणजे माझं लग्न जमावं म्हणून सोपानमामांचं नाव वितळ्या पडलं. आणि मीसुद्धा त्यांना तेच म्हणत होते, नऊ वर्षं. मला एकानंही सांगितलं नाही."

 शेजारच्यांपैकी एकजण म्हणाला, जाऊ द्या, जुनं झालं. विलासरावांनीही तेच म्हटलं. त्यांची अडचण मला दिसत होती. मी एकटा खोटा ठरलो असतो तर त्यांना चाललं असतं. पण मी खरं बोललो की त्यांनाही आपल्याला सगळं माहीत होतं असं म्हणावं लागणार होतं, आणि ते त्यांनी नुकतंच तीन साक्षीदारांपुढे म्हणून टाकलं होतं. त्यांनी विषय बदलला. रंग गर्द हिरवाच पाहिजे म्हणाले.

सोपान तोवर एकटाच काम करत होता. त्याने एक शटर उलटं करून माझ्यापुढे धरलं. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, त्रिकोणी खुणेखाली बारीक अक्षरं उठलेली होती. पीव्हीसी. कोणतं प्लास्टिक ते सांगणारी अशी खूण जगातल्या बहुतेक प्लास्टिकच्या वस्तूंवर असते. जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, हातात आला की आधी उलटा करून बघा, हे माझ्या ट्रेनिंगचं पहिलं वाक्य होतं. मी ती शटरं त्या दिवशी एकदाही उलटी केली नव्हती.

मग तो विलासरावांना म्हणाला, "गर्द न्हाई मारणार, अण्णा. गर्द रंग ऊन पितो. आता जुनं झालंय, ह्ये नुसत्या उन्हानंबी वाकंल. फिकट राखाडी मारतो." विलासराव मला म्हणाले, साहेब, तुम्ही सांगा. मी म्हटलं, तो सांगतो ते करा. प्रायमरचं नाव सोडलं तर या विषयात मी दिलेला हा एकमेव बरोबर सल्ला.

काम दोन दिवस चाललं. मी घासायला बसलो. साबण पावडरीने धुवायचं, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, नुसती चकाकी जाईपर्यंत. सावलीत वाळवायचं. प्लास्टिकचा प्रायमर एक हात, रंग पातळ करून दोन हात, आणि मधे वाट बघायची. एवढंच आहे. सोपानने मी घासलेली दोन शटरं परत दिली, कोपरे राहिले म्हणून. नऊ वर्षांपूर्वी ज्याला मी ज्योत दाखवली होती आणि जे वाकलं नव्हतं, ते कोणतं हे मी शोधत होतो. ओळखू आलं नाही. रंग सगळ्यांवर सारखाच टिकला होता आणि सारखाच फिकटला होता.

शटरं बसली. चार खिडक्यांना आहेत, दोन बोडक्या आहेत. त्या दोन खिडक्यांचं आता वास्तूच बघून घेईल. स्वातीने फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: काम सोपान पेंटर यांचं. आधीचं रंगकाम पण त्यांचंच, नऊ वर्षं टिकलं. वाकवली होती ती आमच्या काकांनी. मला तिने टाकण्याआधी दाखवलं. मी म्हटलं, टाक.

तासाभरात उत्तरं आली. मी ग्रुपवर नाही, अमोलने वाचून दाखवली. अंगठे बरेच होते. एकाने लिहिलं, लय भारी काम. दुसऱ्याने लिहिलं, वितळ्याच ना हा? त्याचा नंबर द्या, आमच्या गेटचं काम हाय. काकांचं कुणी काही लिहिलं नाही. काका पाहुणे.

सोपानला त्या आठवड्यात राहूतून दोन कामं आली. दोघांनीही फोनवर, "वितळ्या पेंटर बोलतोय का?" असंच विचारलं. त्याने हो म्हटलं आणि कामं घेतली. मी त्याला म्हणालो, नाव तसंच राहिलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आता ते घेऊनच काम येतंय."

माझ्या ट्रेनिंगची ती स्लाइड कंपनीत अजून वापरतात असं ऐकतो. मी फोन करून ती काढायला सांगितली. तिथला नवा इनचार्ज नम्रपणे म्हणाला, सर, पण मुलांना तेवढीच लक्षात राहते.

तेव्हा धडा सांगायचा तर असा. प्लास्टिक कशाचं आहे हे बघितल्याशिवाय त्याला आग लावू नये. आणि चूक झाली तर ती पहिल्या चहाच्या आत सांगून टाकावी. नंतरही सांगता येते, मी सांगितली. पण तोपर्यंत ती एक माणूस सोडून सगळ्यांच्या सोयीची झालेली असते, आणि एवढ्या सोयीची वस्तू लोक परत द्यायला तयार होत नाहीत.